अडीच किलोच्या अलीकडे

मागच्या वर्षी एका जिल्हा रुग्णालयात, नवजात कक्षाबाहेरच्या बाकावर तासभर बसायचा योग आला. समोर एका बाळाची सुट्टी चालली होती. जन्मताना दीड किलोचं. चोवीस दिवस ‘पेटीत’ काढून आता आईच्या मांडीवर, तीन दुपट्ट्यांत गुंडाळलेलं. सिस्टरनी कार्डावरच्या एका तारखेभोवती लाल शाईनं गोल काढला आणि आजीला बजावलं, “या दिवशी डोळे तपासायला आणायचं. चुकवायचं नाही.”

आजीनं बोटांची पेरं मोजली. “सव्वा महिना झाल्याबगर लेकराला बाहेर कसं काढायचं?”

“आजी, डोळ्यांचं आहे.”

“डोळ्याला काय झालंय? टकामका बघतंय की.”

आई काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आजीला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण सव्वा महिन्याचा आडोसा ही काही मूर्ख रीत नव्हे. जंतू कुणी पाहिले नव्हते तेव्हापासून घराघरांतल्या बायकांनी बाळाला गर्दी, वारा आणि परक्यांचा खोकला यांपासून त्या रितीनं लांब ठेवलं. दुसरीकडे डोळ्यांचा नियम सांगतो, की दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. बाहेर आल्यावर, त्यातून प्राणवायू जास्त मिळाला असेल तर, त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सुटा करू शकतात. रोग त्या टप्प्याला आला, की लेसरसाठी हातात दोन-तीन दिवस उरतात. बाहेरून डोळा नितळ दिसतो. टकामकाच बघत असतो. सिस्टरचे तीस दिवस आणि आजीचा सव्वा महिना यांत फरक आठ-दहा दिवसांचा, आणि कुणाची दृष्टी जायला तेवढे पुरतात.

जन्मवजनाकडे आपण मागे वळून बघतो, पुढे बघत नाही, असं मला अलीकडे फार वाटू लागलं आहे. बाळ दोन किलो भरलं, की सगळ्यांची बोटं मागे वळतात: आईनं खाल्लं नाही, रक्त कमी होतं, लग्न लवकर झालं, शेवटच्या महिन्यापर्यंत डोक्यावर घमेलं होतं. हे सगळं खरं असतं. त्याची टक्केवारी निघते, अहवाल निघतो. पण वजन हा निकाल आहे तसा तो हक्कही असायला हवा: ज्या बाळाचं वजन कमी, त्याच्या दारी पुढची दोन वर्षं आरोग्यव्यवस्थेच्या फेऱ्या जास्त. आज आपल्याकडे ते वजन कार्डावर चढतं आणि तिथंच त्याचं काम संपतं.

आता हा अडीच किलोचा आकडा, ज्याच्या खाली बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं. तो काही निसर्गानं आखलेला नाही. आर्वो इल्प्पो नावाच्या फिनलंडच्या बालवैद्यानं शंभर वर्षांपूर्वी अपुऱ्या दिवसांची बाळं ओळखायला २५०० ग्रॅमची सोयीची रेघ धरली. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं ती उचलली आणि १९६१ मध्ये एक दुरुस्ती केली: या बाळांना सरसकट ‘अकाली जन्मलेली’ म्हणू नका, ‘कमी वजनाची’ म्हणा. आपल्यासाठी ही दुरुस्ती मोलाची आहे, कारण आपल्याकडची पुष्कळशी हलकी बाळं दिवस पुरे भरून जन्मतात. ती फक्त पोटात उपाशी वाढलेली असतात. बत्तिसाव्या आठवड्यात आलेलं दीड किलोचं बाळ आणि नऊ महिने भरलेलं दोन किलो तीनशेचं बाळ यांच्या गरजा इतक्या वेगळ्या, की दोघांना एकाच रकान्यात टिकमार्क करणं म्हणजे ताप आणि भाजणं दोन्ही ‘गरम’ म्हणून एका औषधाला लावण्यासारखं.

शिवाय नोंदीचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वजन झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोच्या अलीकडची निघाली. पण अशा पाहण्यांमध्ये वजनांचा आलेख काढला, की गोल आकड्यांवर, अगदी २५०० वरही, उंचच उंच ढीग दिसतो. पोरं काही मोजूनमापून अडीच किलोची जन्मत नाहीत. काटा जुना असतो, बाळ हलतं, रात्रपाळी असते, आणि २४४० लिहिण्यापेक्षा २५०० लिहिणं सगळ्यांच्याच सोयीचं. पुढं तो फॉर्म भरावा लागत नाही, आईला समजावत बसावं लागत नाही. व्याख्या ‘२५०० पेक्षा कमी’ अशी असल्यामुळं त्या ढिगातलं प्रत्येक बाळ कागदावर सुखरूप पलीकडे जातं. माझं स्वतःचं जन्मवजन तर घरात कुणालाच ठाऊक नाही. आई एवढंच सांगते, “सुपात मावायचास.” त्या मापात निदान बनवाबनवी नव्हती.

ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक कडू नियम मांडला होता: चांगली वैद्यकीय सेवा जिथं सर्वांत गरजेची, तिथंच ती सर्वांत कमी मिळते. कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत हा नियम बघायला, ते काम करत त्या वेल्सच्या खाणवस्तीत जायला नको. सधन देशांमध्ये अशी मुलं पहिल्या दोन-तीन वर्षांत दवाखान्यात जास्त दिसतात. छातीच्या आजारांसाठी पुन्हा पुन्हा भरती होतात आणि वय वाढेल तसा फरक कमी होत जातो. तिथले लोक या वाढीव वापराला ‘भार’ म्हणतात, खर्चाचा हिशेब मांडतात. मला मात्र तो आकडा वाचून हेवा वाटतो. दवाखान्यातली जास्त हजेरी म्हणजे ते मूल कुणाच्या तरी नजरेत आहे. आपल्याकडे दीड किलोचं बाळ घरी गेल्यावर पुन्हा फिरकलं नाही, तर ते धडधाकट आहे, दुसरीकडे गेलं आहे की राहिलंच नाही, यातलं काहीही असू शकतं आणि तिन्हींची नोंद सारखीच होते: ‘फेरतपासणीस आले नाही’.

याच महाराष्ट्रात याचं उत्तर एकदा सिद्ध करून झालेलं आहे, हे जास्त बोचतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. गावातलीच थोडीबहुत शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. ती घरी जायची, बाळाचं वजन करायची, ऊब बघायची, दूध ओढतंय का ते पाहायची, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायची. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. सुरुवातीच्या मोजणीत तिथं ४२ टक्के बाळं अडीच किलोच्या खाली होती. काही वर्षांत गडचिरोलीच्या आया काही धष्टपुष्ट झाल्या नाहीत आणि बाळंही फारशी भारी झाली नाहीत. तरी कमी वजनाच्या बाळांतलं मरणाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. वजन फारसं न बदलता नशीब बदललं.

बंगांनी हे का साधलं, याचं एक कारण मला नेहमी पुरेसं सांगितलं जात नाही असं वाटतं. त्यांनी सव्वा महिन्याशी भांडण काढलं नाही. बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत ना, मग आपण उंबऱ्यापर्यंत जाऊ, इतकी साधी ती गोष्ट. पुढं २०११ मध्ये केंद्रानं हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. बेचाळीस दिवस म्हणजे जवळपास आपला सव्वा महिनाच. पण आशाच्या या सहा-सात भेटी संपतात, त्याच सुमारास आपल्याकडे बाळ-बाळंतीण जागा बदलू लागतात. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरच्या गावची आशा भेटी देते, वजनं लिहिते, दोघींची ओळख होते. मग बाळंतविडा होतो, ओटी भरली जाते, आणि बाळ सासरच्या गावी, वेगळ्या तालुक्यात, कधी वेगळ्या जिल्ह्यात. तिथल्या आशाच्या वहीत त्याचं नावच नाही. हे कार्यक्रम आखणाऱ्याला माहेर-सासर हे शब्द माहीत नव्हते की काय, असं वाटावं इतकी ही फट ढळढळीत आहे.

पैशाकडे बघितलं की फट अजून रुंद दिसते. महात्मा फुले जन आरोग्य योजना (२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा राजीव गांधींच्या नावाची) आजारी नवजातावरच्या उपचारांचे पैसे देते, पण खाटेवर असलेल्या बाळाचे. सरकारी रुग्णालयात वर्षाखालच्या आजारी बाळाला उपचार फुकट, नेण्या-आणण्याची गाडीही फुकट. उत्तम. आता घरी गेलेल्या बाळाकडे या. तिसऱ्या महिन्यानंतर कमी वजनाच्या बाळाला दोन वर्षांचं होईस्तोवर दर तिमाहीला भेट द्यायची, अशी सूचना आशांना दिली गेली होती. मार्गदर्शक सूचनेतला त्याचा मोबदला होता तिमाहीला ५० रुपये. दोन वडापाव आणि एक चहा. पहिल्या बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटींचे मिळून २५०, आणि त्याच्या मूळ अटींमध्ये एक अट अशी होती, की बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असली पाहिजेत. म्हणजे जे बाळ सर्वांत नाजूक, ज्याच्या दारात आशा सर्वांत जास्त चपला झिजवणार, त्याच्याच बाबतीत सगळे कष्ट करूनही पैसे बुडण्याची शक्यता सर्वांत मोठी. ही अट लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण विटांच्या गाडीला ‘फुटक्या वजा’ असा भाव ठरवतात, त्या चालीवर ती लिहिलेली आहे.

मोबदला वाढवा म्हटलं की विचारतात, आशा करते तरी काय तिथं जाऊन? दारातून हाक मारून परत येत असेल, तर पन्नासही जास्तच. नीट करायचं तर काम भरपूर आहे. पोटाला हात लावून मग तळपायाला लावायचा; पोट गरम आणि पाय गार लागले की बाळाची शक्ती अंग गरम ठेवण्यात खर्च होते आहे, वजन कुठून वाढणार. रोजची आंघोळ, मालीश, धुरी हे थांबवायचं नाही तर पुढं ढकलायचं, आणि तेही आजीचा मान राखून, कारण घरात शब्द तिचा चालतो. तेल लावणं बहुधा चालतं, उघडं ठेवून तासभर रगडणं चालत नाही. दूध वाटी-चमच्यानं पाजायचं की छातीला लावायचं, हे दर आठवड्याला बदलतं. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ लोहाचा साठा करून घेतं. जे आधीच बाहेर आलं किंवा उपाशी वाढलं, त्याचा डबा अर्धाच भरलेला. म्हणून बाकीच्या बाळांना सहाव्या महिन्यापासून लोहाचं औषध, तर या बाळांना दुसऱ्या महिन्यापासून द्यावं अशी शिफारस आहे. ती बाटली किती घरांत पोचली, हे विचारून बघा. मग कान, मान धरणं, पालथं पडणं, नजर फिरवणं, आणि हे सगळं जन्मतारखेवरून नाही, तर जी तारीख ठरलेली होती तिच्यावरून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं मूल सहाव्या महिन्यात बसत नाही म्हणून रडणाऱ्या आईला हे एक वाक्य कुणीतरी सांगितलेलं असावं.

यंत्रांचा मोह आपल्याला फार. नवजात कक्षाचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. घरभेटीची फीत कुठून कापणार? भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली, तेव्हा राज्यभर पेट्यांची, वायरिंगची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पेट्या कमी पडल्या म्हणूनच १९७८ मध्ये बोगोटात डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली, आणि आज आपण ज्याला कांगारू पद्धत म्हणतो ती जन्मली, हेही लक्षात ठेवावं. २०२१ मध्ये दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांमधल्या चाचणीचा निष्कर्ष आला: एक ते एक किलो आठशेच्या आतल्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटतात. आईला पेटीबाहेर उभं करून काचेतून बघायला लावणारे आपण, तिला आत खाट द्यायला अजून कचरतो.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे, की रोग झाल्यावर मलमपट्टी कशाला, आईलाच नीट खाऊ घाला म्हणजे कमी वजनाची बाळं जन्मणारच नाहीत. मला तो मान्य आहे, आणि आदिवासी भागात गरोदर बाईला रोज एक चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना मला मनापासून आवडते. पण हा रस्ता लांबचा आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना गर्भ राहण्याआधीपासून हिरव्या भाज्या, दूध, सुकामेवा घातलेला खाऊ रोज देण्याचा मोठा प्रयोग झाला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही; गरोदरपणातला मधुमेह मात्र कमी झाला. बाळाचं वजन फक्त आईच्या नऊ महिन्यांच्या ताटावर ठरत नाही, ते आईच्या स्वतःच्या बालपणावर, तिच्या उंचीवर, तिच्या आईवरही ठरतं. आज अडीच किलोच्या अलीकडे जन्मलेली मुलगी वीस-पंचवीस वर्षांनी आई होणार आहे. तिच्यावर पहिली दोन वर्षं केलेला खर्च हा पुढच्या पिढीतला प्रतिबंधच आहे. आणि मुलगी म्हटलं म्हणून सांगतो: देशभरातल्या नवजात कक्षांत मुलींपेक्षा मुलगे ठळकपणे जास्त भरती होतात. मुलगे जन्मतः थोडे अधिक नाजूक असतात हे खरं, पण सगळा फरक तेवढ्यानं भरून निघत नाही. “पोरगी हाय, घरीच बघू” हे वाक्य कुणी कार्डावर लिहीत नाही.

दुसरा आक्षेप शहरातून येतो आणि तो उलट दिशेचा आहे. दोन किलो चारशेचं, दिवस भरलेलं, मस्त दूध पिणारं बाळ, पण फाइलवर ‘कमी वजन’ असा शिक्का. मग आठवड्याला फेरी, टॉनिकं, रक्ततपासण्या, पावडरचे डबे. इथं सेवेचा वापर जास्त आहे आणि गरज कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं दाखवून दिलं आहे, की आपली बाळं दिसायला रोड असली तरी इंग्लंडच्या बाळांशी ताडून बघता त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, आणि पुढच्या मधुमेहाची मुळं तिथं शोधावी लागतात. अशा बाळाला घाईघाईनं ‘बाळसं’ धरायला लावणं हे प्रेम असेल, पण शहाणपण नाही. म्हणून मी फेऱ्या वाढवा म्हणतो तेव्हा सगळ्यांच्या वाढवा म्हणत नाही. दोन ते अडीच किलोच्या भरल्या दिवसांच्या बाळाला ऊब, अंगावरचं दूध, लोहाची बाटली आणि एक जागी आशा पुरे. दोन किलोच्या आतल्या बाळासाठी मात्र डोळे, कान, मेंदूची वाढ यांची तपासणी ठरल्या तारखेला झालीच पाहिजे, आणि ती चुकली तर त्याचं उत्तर आईनं नाही, व्यवस्थेनं द्यायचं. शोधायला ती निघाली पाहिजे.

किती वर्षं निघायचं? पुण्याच्याच केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग अठरा वर्षांपर्यंत काढला. दीडशेहून जास्त मुलं शेवटपर्यंत सापडली, हीच आपल्याकडे नवलाची गोष्ट. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, पण बरोबरच्या मुलांपेक्षा सरासरी कमी. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय पोटात खुरटलेली मुलं सर्वांत मागे. बाराव्या वर्षी लेखन आणि गणित यांत त्यांना अडत होतं. शाळेत अशा मुलाला ‘ढ’ म्हणतात. मास्तरांना त्याचं जन्मवजन कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगून ते काय करणार, हाही प्रश्नच आहे.

मी सध्या शाळेपर्यंतही जात नाही. दोन वर्षांपुरतंच मागतो. बाळाची नोंद आशाच्या वहीत नाही, बाळाच्या नावावर असावी आणि माहेरहून सासरी त्याच्याबरोबर जावी. तिमाही भेटीचे पन्नास रुपये किमान एका दिवसाच्या मजुरीच्या जवळ यावेत. डोळ्यांच्या तपासणीला नवजात कक्षातून सुट्टी देतानाच गाडी ठरलेली असावी, किंवा ती तपासणी तालुक्याच्या गावी यावी. दृष्टिपटलाचा हा आजार बालकांच्या तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. तो कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरूसुद्धा आपल्याच पालघरमध्ये झाला. आणि नवजात कक्षाचं यश किती बाळं जिवंत बाहेर पडली यावर न मोजता, वर्षभरानं त्यातली किती पुन्हा दिसली यावर मोजावं.

यातली सर्वांत अवघड बाळं मराठवाड्यात आहेत. बीडकडून दिवाळीच्या तोंडाला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई सातव्या-आठव्या महिन्यात असली तरी मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, जावं लागतं. डिसेंबरात बाळ जन्मतं ते कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, आणि त्याचा सव्वा महिना उसाच्या पाचटाच्या कोपीत, थंडीत जातो. गावच्या आशाच्या वहीत त्याच्या आईपुढं ‘स्थलांतरित’ लिहिलेलं असतं. फडाजवळच्या गावातली आशा म्हणते, ही आमच्या यादीतली नाही. पण कारखान्याला प्रत्येक टोळीत किती कोयते, हे नेमकं ठाऊक असतं. मुकादमाच्या वहीत नाव, गाव, उचल सगळं लिहिलेलं असतं. गाड्या भरण्याआधी त्याच वहीत गरोदर बायका, आणि दोन वर्षांखालच्या पोरांपुढं त्यांचं जन्मवजन, असे दोन रकाने आखायचे आणि ती पानं कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवायची. एका तालुक्याला हे काम दोन दिवसांचं आहे. हंगाम यंदाही दसरा-दिवाळीतच सुरू होईल.